भाऊंची खाट आपल्या भेटीला!

तुम्हाला म्हणून सांगतो, कार्यक्रम आखावा तर तो मीच! एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं आणि एकतीस स्नेहसंमेलनं काढली. एकदा पडद्यानं पेट घेतला, एकदा राजा सिंहासनासकट पाहुण्यांच्या मांडीवर कोसळला. पण लोक हसत घरी गेले की नाही? गेले! म्हणून आमच्या जवाईबापूंचा साठावा वाढदिवस आला, तेव्हा मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "हे काम उमेंद्र गुरुजीवर सोडा!"

जवाईबापू म्हणजे आमदार नंदलालभाऊ बघेले. माझ्या धाकट्या बहिणीचे, पुष्पांजलीचे, यजमान. आमदार झाले ते २०२४ साली, सहाव्या खेपेला. त्याआधी १९९९ पासून दर पाच वर्षांनी, एखाद्या व्रतासारखे, ते न चुकता पडत होते! कुठल्याच पक्षानं तिकीट दिलं नाही, म्हणून कायम अपक्ष. आणि अपक्ष म्हटलं की दर वेळी चिन्ह नवं. कपबशी, शिलाई मशीन, खाट, गॅस सिलिंडर, प्रेशर कुकर. एवढ्यात एखाद्या पोरीचा संसार मांडून झाला असता! लोकांना चिन्ह पाठ होईपर्यंत निकाल लागलेला असायचा. शेवटी फणस मिळाला आणि भाऊ दोनशे एकोणीस मतांनी निवडून आले.

माझी कल्पना अशी होती. हारतुरे, केक वगैरे सगळेच करतात. आपण भाऊंची सगळी कारकीर्द ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर चढवायची! एकेका ट्रॉलीवर एकेका निवडणुकीचं चिन्ह, खरंखुरं, भरपूर. खाली पाटी : साल, चिन्ह, पडलेली मतं. बोरटोल्याच्या बाजार चौकातून मिरवणूक!

पाट्या रंगवून मी बहिणीकडे नेल्या. पहिलीच पाटी होती, '१९९९ – कपबशी – मते ८१२ – अनामत जप्त'.

पुष्पांजलीनं पाटी वाचली, मग मला वाचलं.

"दादा, पंचवीस वर्षानं माणूस निवडून आला, अन् तू पडल्याच्या पाट्या गावभर फिरवशील? काऊन? वाढदिवस होय का तेरवी होय?"

"अवो, इतिहास आहे हा पुष्पा!"

"मंग इतिहास घरी ठेव. हे 'जप्त' दिसलं न चौकात, त मी माह्या हातानं मिरवणूक जप्त करीन!"

आता साठाव्या वाढदिवशी घरात भांडण नको. मी सगळे आकडे पुसले. सालं पुसली. पाट्यांवर फक्त एकच ओळ राहिली : 'आ. नंदलालभाऊ बघेले यांच्यातर्फे जनतेला सप्रेम नमस्कार'. इथं घोळाची पहिली कळ दाबली गेली, पण तेव्हा कोणाच्या लक्षात येणार?

सामान गोळा करताना मी कंजुषी केली नाही. महिलांच्या शिवणवर्गातून सहा मशिनी. सडक अर्जुनीच्या हायवेवर ओळखीचा ढाबा आहे, तिथून आठ खाटा. केटररकडून बारा रिकामे सिलिंडर. भांडेवाल्याकडून पंधरा कुकर, पुठ्ठ्याच्या खोक्यासकट कोरे करकरीत. कपबशांचे चार क्रेट. अडला तो फक्त फणस. नोव्हेंबरात आमच्याकडे फणस कुठून येणार? मांडववाल्यानं थर्माकोलचा करून दिला. तो रंगवल्यावर हुबेहूब साळिंदर दिसायला लागला, पण म्हटलं, जाऊ द्या, निवडून आलेलं साळिंदर आहे!

मग दवंडी. वाढदिवसाच्या सकाळी ऑटोवर भोंगा बांधला आणि मजकूर माझ्या आवाजात भरून दिला. मराठीचा मास्तर! भाषेला जरा लय नको का?

"भाऊंची शिलाई मशीन, भाऊंची खाट, भाऊंचा कुकर! येत आहेत आपल्या भेटीला! आज सायंकाळी पाच वाजता, बाजार चौक!"

ऑटो दिवसभर वस्त्या-टोल्यांतून फिरला. भोंगा जरा चिरका होता. शिवाय रस्ते आमचे असे की दर खड्ड्याला एक शब्द गळावा. गळायला त्याला नेमकं 'येत आहेत आपल्या' आणि शेवटचं 'ला' एवढंच सापडलं. लोकांनी ऐकलं : भाऊंची खाट, भाऊंचा कुकर… भेट!

आता कापणीचे दिवस. आठ दिवसांपासून धान कापायला माणूस मिळत नव्हता. पण साडेचारला मी चौकात आलो तर सगळा तालुका उभा! बाया थेट धानाच्या बांधीतून आलेल्या, कमरेला विळे तसेच. म्हातारे, तरणे, एक नवरदेव हळद लागलेला! मला तर गहिवरून आलं. एवढ्यात जीपमधून जवाईबापू उतरले. त्यांनी गर्दी पाहिली आणि त्यांचे डोळे भरले.

"गुरुजी, एवढं प्रेम!"

"इतिहासाची ओढ आहे जी!" मी म्हणालो.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की गर्दी गर्दीसारखी उभी नाही. रांगेत उभी आहे. आणि प्रत्येकाच्या हातात कागद आहे.

"हे काय होय बाई?" मी पहिल्या नंबरच्या बाईला विचारलं. ती लीलाबाई. हातानं कपडे शिवणारी, गावात नावाजलेली. बोलायला तिच्याच कैचीसारखी.

"आधारची झेरॉक्स," ती म्हणाली. "दोन आणल्या. लागन त फोटो बी हाय."

"कायले?"

"कायले म्हंजे? मशीन देते का कोणी बिना आधारची?"

मागून आवाज आला, "मशिनी सहा अन् बाया चारशे! चिठ्ठ्या टाकणार का गुरुजी?"

दुसरा म्हणाला, "खाटेसंगं गादी हाय का?"

तिसरा म्हणाला, "ते साळिंदर कोणाले देऊन राहिले?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. आणि शब्द फुटायच्या आत लीलाबाई ट्रॉलीवर चढली, एका मशिनीपुढं मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, "माही पसंती झाली. पुढच्याले येऊ द्या!"

झालं! पाहता पाहता आठही खाटांवर माणसं आडवी झाली. एका कुकरला दोन सख्ख्या जावा दोन्हीकडून लटकल्या. जवाईबापू माझ्याकडे पाहत होते. डोळ्यांतलं पाणी तेच होतं, पण त्याचा अर्थ बदलला होता.

"गुरुजी, तुम्ही काय करून ठेवलं?"

तेवढ्यात एक पांढरी जीप करकचून थांबली आणि तिच्यातून भरारी पथकाच्या रंजिता मॅडम उतरल्या. मागे व्हिडिओ कॅमेरा घेतलेला माणूस. मॅडम वयानं लहान, पण अशा सरळ चालत आल्या की गर्दीत आपोआप वाट पडली.

"आमदारसाहेब, नगरपंचायतीची निवडणूक जाहीर झाली. चार वाजता आचारसंहिता लागली. आता पाच वाजून दहा मिनिटं झालीत आणि तुम्ही मतदारांना शिलाई मशीन वाटताय?"

"वाटत नाही जी मॅडम!"

मॅडमनी ट्रॉलीवरची पाटी मोठ्यानं वाचली. "नंदलालभाऊ बघेले यांच्यातर्फे जनतेला सप्रेम… हे काय आहे?"

"नमस्कार!" मी ओरडलो. "पुढं नमस्कार लिहिलाय! त्यावर खाटेवरच्या या आजोबांचं धोतर लोंबतंय!"

आजोबा उठायला तयार नव्हते. मॅडमनी वही काढली. गुन्हा दाखल होणार, हे त्यांच्या पेनच्या टोपणाच्या आवाजावरूनच कळलं. पंचवीस वर्षांनी मिळालेली आमदारकी, आणि पहिल्याच वर्षी तिच्यावर खाटवाटपाचा डाग! मी देवाला नाही, बहिणीला घाबरून घामाघूम झालो. ती जवाईबापूंच्या जीपजवळ उभी होती. पदर खोचत होती, हे जास्त वाईट.

मग जवाईबापूंनी जे केलं, ते मला सुचलं नसतं. ते पहिल्या ट्रॉलीवर चढले, एक कपबशी उचलली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "मॅडम, लिहून घ्या. १९९९. चिन्ह कपबशी. मतं आठशे बारा. अनामत जप्त!"

आमदार झाल्यापासून हे शब्द त्यांनी तोंडातून काढले नव्हते. परिचयपत्रात त्यांचा जन्मच २०२४ चा वाटायचा.

"२००४. शिलाई मशीन. एकशे एकोणचाळीस मतानं गेलो. २००९. खाट. लय वाईट पडलो."

"तीन महिने त्याच खाटेवर पडून होते!" जीपजवळून आवाज आला. पुष्पांजली! लाजेनं लाल झाली होती, पण बोलली. "जेवण बी खाटेवर देत होती मी!"

गर्दीत हसू फुटलं. भाऊंना चेव आला.

"२०१४. सिलिंडर! लोकं म्हणत, भाऊ, भरलेलं देता का? २०१९. कुकर! शिटीच नाही वाजली! हे सामान वाटाचं नाही जी मॅडम. ह्याच्यावर मी एक एक वेळ पडलो होय."

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी सावरला. "यातलं काही खरं आहे याला साक्षीदार कोण? तुम्ही पडला होता हे सांगणारं कोणी आहे?"

"मी हाय!" लीलाबाई मशिनीमागून उठली. "मी त्याहीले चारदा मत नाही देलं!"

"मी पाच वेळा नाही दिलं!" खाटेवरचे आजोबा उठून बसले.

"आमच्या घरचे अकरा मतं कधीच नाही!" मागून कोणी तरी ओरडलं.

सटासट हात वर झाले! आधारची झेरॉक्स हातात तयारच होती, तीच हलवत लोक पुढं सरकले. मत न दिल्याची साक्ष द्यायला एवढी चढाओढ मी जन्मात पाहिली नाही! एकानं तर भाऊंच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, "नंदलालभाऊ, कुकरच्या वर्षी देणारच होतो जी, पण तुम्ही माह्या पोरीच्या लग्नाले आले नव्हते!"

"अरे, मले पत्रिकाच नाही भेटली!"

"नाही भेटली? घ्या! म्हंजे फुकटच पाडलो तुमाले!"

दोघं गळ्यात पडले. गर्दी टाळ्या पिटायला लागली.

"म्हंजे मशीन भेटत नाही?" लीलाबाईनं शेवटचं विचारलं.

"नाही वो बाई."

"मंग चहा त पाजा!"

"तोही नाही," मॅडम म्हणाल्या. "नेत्यानं मतदारांना काही पाजायचं नाही." मग जरा थांबून, "मतदारांनी नेत्याला पाजला तर नियमात काही लिहिलेलं नाही."

लीलाबाई समोरच्या टपरीवर गेली आणि चहाची किटली घेऊन आली. १९९९ च्या कपबशा धुवून निघाल्या. जिला मशीन मिळायची होती ती बाई आमदाराला चहा पाजत होती, आणि आमदार बशीत फुर्र करत होता. मॅडमनी मात्र कपाला हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "सगळं ठीक आहे, पण अहवालाला कागद लागेल. निकालाचा काही पुरावा?"

पुष्पांजली घरी जाऊन लाल फडक्यातलं गाठोडं घेऊन आली. निवडणूक झाली की भाऊ तहसिलीतून गावनिहाय आकड्यांचा कागद आणायचे आणि न उघडता त्यात बांधायचे. पडल्यावर कोण पाहते जी!

मॅडम एकेक कागद पाहून खूण करत गेल्या. कपबशी, बरोबर. शिलाई मशीन… त्यांचं बोट थांबलं.

"हे गमतीदार आहे. कोसमटोला. मतदान एकशे त्रेसष्ट. शिलाई मशीन, शून्य. छत्री, एकशे त्रेसष्ट."

चहाचा फुर्र आवाज बंद झाला. कोसमटोला म्हणजे पुष्पांजलीचं माहेर. म्हणजे माझं गाव. छत्रीवाला उमेदवार कोण होता हे आजही कोणाला सांगता येत नाही.

"दादा," पुष्पांजली म्हणाली, "आपल्या गावचं एक बी मत नाही? बाबाचं? आईचं? वहिनीचं?"

"मशीन बिघडलं असेल," मी म्हणालो. "म्हणजे मतदानाचं! आणि मी तर त्या दिवशी निवडणूक ड्युटीवर होतो, देवरीकडे!"

"मशीन चांगलं होतं जी!" गर्दीतून एक हात वर झाला. आमच्या कोसमटोल्याचा सुकराम. साधा, सत्यवचनी माणूस. अशा माणसांपासून जपून राहावं! "गुरुजींनी आमाले शाळेत बसवून शिकवलं होतं न. खालून दुसरं बटन. तीन तीन वेळा म्हणून घेतलं. म्हातारीले बी पाठ झालं होतं."

माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पायाखालची जमीन गेली. शिकवलं होतं खरं! पण उमेदवारांची यादी पाहून, माघारीच्या आधी. माघारीनंतर दोन नावं गळाली आणि क्रम सरकून खालून दुसरी छत्री आली.

"पण चित्र पाहायचं होतं की नाही सुकराम? मशीन कुठं, छत्री कुठं!"

"पाहलं जी. छत्री हाय म्हटलं. पण गुरुजीले आमच्यापेक्षा जास्त समजते न!"

जवाईबापू बोटांवर काहीतरी मोजत होते. एकशे एकोणचाळीसनं पडले, एकशे त्रेसष्ट गेली. मी डोळे मिटून घेतले. कानावर एकदम गडगडाट आला. ते हसत होते! कप ठेवून, ट्रॉलीचा कठडा धरून, पोट दाबून हसत होते.

"पुष्पा, म्हंजे मी पडलोच नव्हतो वो! ऐकलं का? २००४ ले मी आमदार होतो! मॅडम, लिहा न हे!"

"पंचनाम्यात तेवढंच लिहिता येत नाही," मॅडम म्हणाल्या आणि तोंडावर वही धरून बाजूला वळल्या. वही बराच वेळ हलत होती.

बहीण हसली नाही. ती माझ्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, खरं सांग. गावाचं जाऊ दे. तुह्या स्वतःचं मत तरी भेटलं होतं का ह्याहीले?"

"भेटलं म्हणजे काय! टपालानं पाठवलं होतं, सगळ्यात आधी!" मी ताठ मानेनं सांगितलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? टपालाच्या मतपत्रिकेवर नावं स्वच्छ छापलेली होती. पण मी कशाला वाचतो? मला तर पाठ होतं! खालून दुसऱ्या नावापुढं खूण केली आणि पाकीट चिकटवून टाकलं.