खिडकीतला जर्मनचा पेला

आमच्या हडपसरच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की तळमजल्यावरचे नाना आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग मामाचं आडनाव. तेवढ्यानं उलगडा झाला नाही तर कुलदैवत. कुणी चिडलंच तर म्हणतात, "मी फकस्त इचारलं." आम्ही राहायला आलो तेव्हा माझं सगळं गणगोत तपासून झाल्यावर त्यांनी आमच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "हितं आमचा गोठा हुता." सोसायटीची जमीन मूळची त्यांचीच. तेव्हापासून चहा टाकताना मला उगाच वास येतो.

तसे नाना मनाचे मोठे. उन्हाळ्यात कुरिअरवाला, पोस्टमन, सगळ्यांना हाका मारमारून माठातलं पाणी देतात. फक्त खिडकीतून, आणि जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पेल्यात. हा पोचे आलेला पेला खिडकीबाहेर उपडा असतो, घरातल्या स्टीलच्या भांड्यांत कधी जात नाही. जिने झाडणारी कमल रोज अकराला त्यातूनच पाणी प्यायची. बायको गेल्यापासून नाना दिवसभरात मनमोकळं बोलायचे ते तेवढंच. तिच्या नातवाचा खोकला, मंडईतले भाव, स्वतःचे गुडघे.

सोसायटीच्या मिटिंगमध्ये मी सुचवलं, जिन्याखाली माठ ठेवू, सगळ्यांना सारखेच ग्लास. नाना ताडकन उठले.

"म्हंजे इतकी वर्सं आमी पाप केलं? कुनाला पानी न्हाई म्हनलं का? उगं समानता घशात कोंबू नका!"

निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडेही कामवालीचा कप वेगळाच असणार. आमच्याही सिंकखाली कान तुटलेला एक होता. तो मी आदल्या दिवशी गुपचूप टाकून दिला होता. कमल मागे खुर्च्या लावत होती. तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पाण्याची बाटली आणली. नानांनी पेला भरून पुढे केला. "नगं नाना, हाय माज्याकडं," म्हणून ती वरच्या मजल्यावर गेली. पुढचे आठ दिवस नाना अकराला पेला भरत आणि साडेअकराला कुंडीत ओतत.

मला राहवेना. मी दोन शब्द शिकवायला गेले. नाना भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघत सांगू लागले.

"सातवीत हुतो. गावाभाईरच्या वस्तीतल्या दोस्ताच्या घरी पानी प्यालो. आईनं भर थंडीत हिरीवर नेऊन डोक्यावर घागरी वतल्या. वतत हुती आन् रडत हुती. मग पदरानं पुसलं, गूळभाकर चारली, म्हनली, परत असं करशील तर माज्या गळ्याची आन हाय. तीन लेकरं गेल्यावर जगलेला मी. आता तुमी म्हंता ते चूक. मंग माजी आई चुकली म्हनू का, ताई?"



परवा अकराला त्यांचं दार सताड उघडं होतं. आत खुर्चीवर कमल बसलेली, हातात स्टीलचं फुलपात्र. समोर नाना जर्मनच्या पेल्यातून पाणी पीत होते.

"नानांनी आत बोलिवलं. मी म्हनलं, आदी तुमी त्यात पिऊन दावा, मंग मी ह्यात पीन," कमलनं मला सांगितलं.

नानांनी तोंड वाकडं केलं. "कसला वास येतो गं ह्याला. आन् तू इतकी वर्सं..." त्यांनी पेला रिकामा केला.

मी भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या आईचा फोटो उलटा टांगलेला होता, भिंतीकडे तोंड करून.

नाना हळूच म्हणाले, "तिला अजून सांगितलं न्हाई."