टावेलाखालचा हात

आमच्या वाळेगावच्या बैलबाजारातल्या कम्प्युटरला गेल्या पोळ्याच्या सुमाराला उजवा हात फुटला. डावा फुटला असता तर कुणी विचारलं नसतं. सौदा उजव्यानंच करायचा असतोय.

कम्प्युटर केला निशिगंधानं. पुण्याच्या कालेजातली पोरगी. तिचं म्हणणं, माणसं फोनात तोंड खुपसून बसत्यात. आपण कम्प्युटर असा करू की दोघांना समोरासमोर बसावंच लागंल. मग तिनं आमच्या जुन्या सौद्याचा व्हिडिओ बघितला. दोन दलाल समोरासमोर, मधी टावेल, टावेलाखाली बोटं धरून भाव सांगायचा. भोवतीच्याला पत्ता न्हाई. तिनं चौरंगाएवढा कम्प्युटर केला, वर टावेल टाकला, आन थोड्या दिसांनी खाली हात आला.

"हे तुमच्या डिझाइनमध्ये होतं का?" बाजार समितीचे सचिव माळवदेसाहेब.

"नव्हतं. पण गरज होती," ती म्हणाली.

साहेबांना पटलं. अडचण निराळीच निघाली. नियमात दलाल समोरासमोर पायजेत, आन कम्प्युटरला तोंड कुठाय? समितीच्या दोन बैठका झाल्या. शेवटी ठरलं, वायर निघती ती पाठ.

मग साहेब माझ्याकडं आले. "नाना, टावेलाखालची बोली येणारे तुम्ही एकटेच उरलात. हात दलालाचा आहे का, तुम्ही सांगायचं. नापास झाला तर बाजार फोनवर जाईल. शेड लग्नाला भाड्यानं देऊ."

बाजार मला पायजेच हुता. पर हसनच्या जागंवर कुणालाबी कसं बसवू?

हसन मुलाणी माझा समोरचा. उभा जन्म आम्ही टावेलाखाली भांडलो. सौदा ऐन रंगात आला की मी समोरच्याच्या तळव्याला गुदगुल्या करायचो. बाकीचे दलाल किंचाळून उठायचे. हसन मयतीला आल्यागत तोंड करून बसायचा, आन खालनं माझ्या करंगळीला हळूच चिमटा काढायचा. त्यो गेला तवापासनं माझ्या टावेलाची घडी मोडली नव्हती.

ती मोडली. बसलो. हात घातला.

हात ऊन हुता. बोटं बरोबर धरली. भाव वाजवी बोलला. हुशार हाय, पर हुशार तर साहेबबी हायत. मी गुदगुल्या केल्या.

कम्प्युटरच्या काचंवर काय हाललं न्हाई. वायर गप. आन माझ्या करंगळीला हळूच चिमटा बसला.

"काय झालं, नाना?" निशिगंधा म्हणाली.

"बैलाची धूळ गेली डोळ्यात."

"बैल कुठे आहे?" साहेबांनी इकडंतिकडं बघितलं.

"साहेब, परीक्षा बैलाची हाय का हाताची?"

"बरं. पास की नापास?"

"लई लबाड हाय. पास."

साहेबांनी त्याला दलालाचा बिल्ला दिला. लावायला छाती न्हाई म्हणून टावेलाला टाचला.

आता दर गुरुवारी आम्ही दोघं बसतो. बैल असतोच असं न्हाई. परवा निशिगंधा येऊन वाकून बघाय लागली. "नाना, कशाचा सौदा चाललाय?"

"तुला सांगितलं तर टावेल कशाला, पोरी?"

त्या दिवशी त्यानं लईच चढा भाव सांगितला. मी टावेल झटकून उठलो, "तुझ्या बापानं दिला हुता का असला भाव!" म्हणून चार माणसांत बोललो. चहा प्यालो. मग परत येऊन बसलो. हात तिथंच हुता.