भिकूमामांचं उबदार कपाट

आमच्या प्रयोगशाळेत कुणीही पेशींचं कपाट उघडलं, की पाठीमागून आवाज आलाच म्हणून समजा. "दार लावा, हुडहुडी भरंल त्यास्नी!"

हे आमचे भिकूमामा. राहणार रिहे गावचे. हुद्दा शिपायाचा, रुबाब फौजदाराचा. त्या कपाटात रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी बाटल्यांमधून वाढत असतात, माणसाच्या अंगाइतक्याच उबेत. रानातल्या झाडांचे अर्क टाकून त्या मरतात का, हे बघणं आमचं काम. आणि झाडपाला आणणं मामांचं. एकदा ते नरक्या नावाच्या रानझाडाच्या फांद्यांचं पोतं घेऊन बसनं महाळुंग्याला, आमच्या प्रयोगशाळेत आले. नरक्याचा वास अगदी नावाला शोभणारा.

"आख्खी गाडी मागं सरकली, ताई. मला खिडकी मिळाली," मामा ऐटीत म्हणाले.

अर्क टाकला की तासातासाला दारात डोकं. "मेल्या का?"

"मामा, हा काय चुलीवरचा भात आहे? दोन दिवस लागतात."

नरक्यानं पेशी धडाधड मेल्या, तेव्हा मी पेढे आणले. मामांनी पेढा खिशात टाकला. "ब्येस झालं. पर समद्या नका मारू. येक बाटली ऱ्हाऊ द्या."

आम्ही पोट धरून हसलो. एक बाटली आम्ही ठेवतोच, पुढच्या प्रयोगासाठी. मामांना वाटायचं, त्यांच्या शब्दाखातर ठेवली. मी ते तसंच वाटू दिलं.

खरं तर हे सगळं माझ्यामुळंच सुरू झालं होतं. मी नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मामांनी विचारलं होतं, "ह्या पेशी कुनाच्या?"

"एका बाईंच्या," मी तोऱ्यात सांगितलं. "त्या जाऊन कितीतरी वर्षं झाली. पेशी मात्र अजून जगताहेत."

त्या दिवसापासून कपाटावर मामांचा पहारा बसला. प्रयोगशाळेचे प्रमुख सर त्यांच्या शिस्तीवर खूश होते. मलाही ती शिस्तच वाटली.

गेल्या हिवाळ्यात मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत होते. मामा शेजारी येऊन घुटमळले.

"ताई, आमच्या कारभारनीला, हौसाला बी ह्योच आजार हुता. दवाखान्यात नळ्या भरभरून रगत काढायचे. तिच्याबी पेशी कुनी कुटं ठिवल्या आसतील का वो?"

मोजणी चुकली असती तर पुन्हा पहिल्यापासून करावी लागली असती. मी डोळासुद्धा वर केला नाही. "छे हो मामा. तपासून झालं की टाकून देतात."

"व्हय," मामा म्हणाले. "शेवटाला तिला लई हुडहुडी भरायची. म्हनून इचारलं."

माझी मोजणी बरोबर आली.

मला तरी नक्की कुठे माहीत होतं? "ठाऊक नाही, मामा," एवढं म्हणता आलं असतं. खुर्ची पुढे करून हौसाबाई कशा होत्या, हे विचारता आलं असतं. इतकी वर्षं हा माणूस एका परक्या बाईला गारठा लागू देत नव्हता, आपल्या बाईलाही कुठेतरी कुणीतरी असंच जपत असेल म्हणून. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी घाईघाईत माझ्याच हातून कपाटाचं दार किलकिलं राहिलं. मामा फरशी पुसत बाजूनं गेले. त्यांनी दाराकडे बघितलं. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत बसले. ते पुसत पुसत पुढे गेले.

शेवटी मीच उठून दार लावलं.