अनामत आवाज

जुनी वस्तू ऑनलाइन विकताना माल पोचेपर्यंत विकणाऱ्याला आपला आवाज घेणाऱ्याकडे अनामत ठेवावा लागतो. नियम चांगलाच आहे. नाहीतर खोक्यात विटा भरून पाठवणारे काय कमी आहेत?

तरी माझ्या बायकोने, शर्वाणीने, शिलाई मशीन विकायला काढलं तेव्हा मला ते पटेना. मी ताकही फुंकून पिणारा माणूस. त्यात आमची ओवी जेमतेम आठ महिन्यांची, आईच्या अंगाईशिवाय झोपत नाही. घेणारे कुणी खांबेटे होते. त्यांच्याबद्दल लोकांनी स्वतःच्या आवाजात दिलेले अभिप्राय मी एकूण एक ऐकले. थरथरत्या आवाजाचे आजोबा, एक वऱ्हाडी बाई, मास्तर वाटावेत असे एक गृहस्थ. सगळे म्हणत होते, "खांबेटेसाहेब सोन्यासारखा माणूस. निर्धास्त व्यवहार करा."

"सगळे शब्दन्‌शब्द तेच कसं गं बोलतात?" मी विचारलं.

"झालं तुमचं सुरू! एवढी माणसं काय खोटं बोलतील?" असं म्हणून तिने बटण दाबलं आणि तिचा आवाज गेला.

मशीन पोचल्याची पावती आली. पैसेही आले. आवाज आला नाही. शर्वाणी पाळण्याशी बसून नुसते ओठ हलवायची आणि ओवी रडून रडून निळी पडायची. शेवटी मी कंपनीला फोन लावला.

"तक्रार खातेदाराने स्वतःच्या आवाजात नोंदवायची असते, सर."

"अहो, आवाजच तर अडकलाय!"

"मग तो परत मिळाला की फोन करा. आणि सर, खांबेटेसाहेबांविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही."

संध्याकाळी खांबेट्यांच्या नावावर नवा अभिप्राय दिसला. मी तो लावला. "खांबेटेसाहेब सोन्यासारखा माणूस. निर्धास्त व्यवहार करा." आवाज शर्वाणीचा होता.

शर्वाणीने माझ्या हातातून फोन घेतला, पाळण्यात उशाशी ठेवला आणि अभिप्राय पुन्हा लावला. मग पुन्हा. ओवीने हुंदका गिळला, आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि हळूहळू झोपी गेली.

आता आम्ही रोज तोच लावतो. खांबेट्यांना आम्ही पाच तारे दिले आहेत, ओळखीच्यांनाही द्यायला सांगतो. तारे घसरले की कंपनी त्या माणसाचे सगळे अभिप्राय पुसून टाकते म्हणे.