गयामावशी आणि आमचा गळका नळ

गयामावशी कुणाच्याही घरी गेल्या की आधी नळाकडे जातात. ‘या, बसा’ वगैरे आपण मागून म्हणत राहायचं. तोवर कमरेचा बटवा सुटलेला असतो. त्यात सुपारी, अडकित्ता, लहानसा पाना आणि नळाची वायसरं गुण्यागोविंदाने नांदतात. दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत आणि कळमनुरीला आमच्या गल्लीत एकट्याच राहतात. नळ गळताना दिसला की त्यांना पेशंट आल्यासारखं वाटतं.

माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही शिरड शहापूरला गेलो, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून यांना नेलं. पोहे आले आणि मावशी उठून परसात गेल्या. थोड्या वेळाने नळ उघडून पडलेला, पाणी बंद, आणि मुलीचे वडील गावभर मोठा पाना शोधत फिरतायत. पोहे गार झाले, पण लग्न जमलं. ती मुलगी म्हणजे आमची सुनीता.

पुढे गल्लीत नवी पाइपलाइन आली. आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी रोज येऊ लागलं. आमची खोड मात्र जुनीच. नळ आला की आधीचं पाणी ‘शिळं’ म्हणून ओतायचं आणि ताजं भरायचं. त्यामुळे आता रोज सकाळी गल्लीभरचे हंडे नि ड्रम नालीत रिकामे व्हायला लागले. मावशी रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

“पानी काय भाकर हाय व्हय, शिळं व्हायला? धरनात किती दिसाचं पडून हाय? ते काहून फेकून देत न्हाई?”

दुसऱ्या दिवसापासून ओतणं थांबलं.

गावाबाहेर सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र सुरू झालं, तेव्हा त्यांनी गल्लीतल्या बायांना डबे घेऊन तिथं सहलीला नेलं. आपल्या मोरीतलं पाणी स्वच्छ होऊन शेताकडे निघालेलं पाहून मावशी इतक्या हरखल्या की त्यांनी त्याला हात हलवून निरोप दिला म्हणे.

मावशींच्या दारासमोर सार्वजनिक नळ होता. गल्लीतल्या बाया तिथं पाणी भरायच्या, भांडायच्या आणि मावशींच्या ओट्यावर चहा प्यायच्या. तो फार गळायचा. घरोघरी नळ आल्यावर मावशींनीच मागे लागून तो बंद करून घेतला. मग घरांतलेही सगळे नळ दुरुस्त केले. कुठेच थेंब गळेना, आणि मावशीही दिसेनाशा झाल्या.

सुनीता चहाला बोलवायला गेली, तर म्हणाल्या, “काम न्हाई काही. रिकामं काहून यायचं कोनाच्या घरी?”

सुनीता डोळे पुसतच परत आली. मलाही फार वाईट वाटलं. ओटा रिकामा पडेल हे त्यांना काय कळत नसेल? तरी त्यांनी नळ बंद करून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सुनीताने मोरीतला नळ किंचित सैल केला, खाली बादली ठेवली आणि निरोप धाडला, नळ गळून राहिला, जरा येऊन जा.

मावशी आल्या त्या थेट मोरीत. दोन बोटांनी नळ फिरवला, थेंब थांबला. त्यांनी नळाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग सुनीताकडे. पाना परत बटव्यात टाकला आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून ऐसपैस बसल्या.

“वायसर तर चांगलं हाय पोरी,” त्या म्हणाल्या. “उद्या बी गळू दे. बादली तेवढी ठेवत जा.”