पास म्हणजे पॅक नव्हे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी दुपारी दत्ताराम परब 'पास' म्हणाले, नंतर चिंचोके वाढवले, आणि समोरचे कांबळे चपला घालून निघून गेले.

परब विक्रोळीत माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. कारखान्यात टर्नर होते. मुलगा दिंडोशीला असतो. "जवळ आहे ना, म्हणून येत नाही," असं परब सांगतात. रविवारी त्यांच्याकडे पोकर चालतो, पैशांवर नव्हे, चिंचोक्यांवर. तोही लिमिटचा: लावायचा एकच चिंचोका, वाढवायचा तोही एकच. सगळे चिंचोके एकदम लावता येत नाहीत. "तसं खेळणारे लवकर घरी जातात," परब म्हणतात.

त्यांना वेड मधल्या जोडीचं. अठ्ठ्या, नव्व्या. "एक्क्यांची जोडी कोण पण खेळेल रे. मधलीला डोकं लागतं." अशी जोडी आली की आधी आपल्या मागून खेळणाऱ्या माणसाकडे बघायचं. तो थंड असेल तर स्वतःच लावायचं. तो हमखास लावणारा असेल तर आपण पास म्हणायचं, त्याला लावू द्यायचं, आणि मग वाढवायचं. याला चेक-रेझ म्हणतात. एकदा त्यांनी हे सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला दारात उभं करून समजावलं. तो म्हणाला, "काका, सही करा."

कांबळे हमखास लावणारे. पण ते बँकेत तीनपत्ती खेळून तयार झालेले, आणि त्यांच्या लेखी पास म्हणजे पॅक, पत्ते टाकून डाव सोडणं.

"पास म्हणाले म्हणजे गेले ना! गेलेला माणूस परत कसा येतो?"

"पास म्हटलंय, मेल्या. पॅक नाय म्हटलं!"

"ही चीटिंग आहे काका."

एके काळी टेबलावर पाच जण होते. एक बदलापूरला मुलाकडे गेले, दुसऱ्यांना जिना चढवत नाही. कांबळेही सुटले तर उरणार परब आणि मी. दोघांतही पोकर होतो. पण तो इंटरव्ह्यू वाटतो, असं परबांचं मत. त्या आठवड्यात ते मला जिन्यात गाठून विचारायचे, "दिसला काय रे तो?"

शेवटी मीच कांबळेंना विचारलं. ते म्हणाले, "येतो. पण परत तसं केलं, तर माझा रामराम."

मी हे परबांना जसंच्या तसं सांगितलं.

रविवारी कांबळे आले. एका डावात मी सुरुवातीलाच पत्ते टाकले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून परब पत्ते हात लांब करून बघतात, त्यामुळे शेजाऱ्यालाही दिसतात. दोन नव्व्या होत्या. टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले पत्ते सत्ती, चव्वी, दुर्री. मागून खेळणारे कांबळे.

"मी डावात आहे, पण आत्ता लावत नाही," परब म्हणाले. पास हा शब्द त्यांनी टाळला.

कांबळेंनी लगेच चिंचोका लावला.

परबांनी दोन चिंचोके उचलले, एक बरोबरीचा, एक वाढवायचा. कांबळेंकडे बघितलं. एक परत ठेवला, एक पुढे सरकवला.

शेवटी कांबळेंनी पत्ते उघडले. सत्तीची जोडी होती. "दाखवा काका."

"काय दाखवू? घे, तुझंच," असं म्हणून परबांनी आपले पत्ते उलटेच गड्डीत घातले.

"काका, आज तुमची वाट लागली!" कांबळे चिंचोके ओढत म्हणाले. "पुढच्या रविवारी किती वाजता?"

"कधी पण ये. मी घरीच असतो."

पुढच्या रविवारी कांबळे जेवण होताच आले. दार उघडंच होतं.