दाताखालची सरकी

सेलूला बन्सीधरशेठच्या जिनिंगवर कापूस घ्यायचा की परत धाडायचा, हे सितारामकाकांचा दात ठरवायचा. गाडीतून मूठभर कापूस ओढायचा, त्यातली सरकी दाढेखाली धरायची. कट्‌कन फुटली तर माल कोरडा, नुसतीच चेपली तर ओला. एकतीस वर्षांत या निकालावर कुणी अपील केलं नव्हतं. (घरात काकांचा एकही निकाल टिकत नसे, ते सोडा.)

कोरोना आला आणि दाताचीच पंचाईत झाली. दोन महिने बंद असलेलं जिनिंग मे महिन्यात उघडलं. पण दिवसाला सातच गाड्या, तोंडाला मास्क, आणि पंचावन्नच्या पुढच्यांनी फाटकात पाऊल टाकायचं नाही. काका अठ्ठावन्नचे, वर साखरेचा आजार. मॅनेजर हरिओमनं तर ओलावा मोजायचं मशीनच मागवलं. शेठ म्हणाले, "मशीन येईपर्यंत सॅम्पल काकांच्या घरी धाडा." मशीन आल्यावर आपल्याला कुत्रं तरी विचारील का, या विचारानं काकांना घास गिळवेना. पण बायकोपुढे तोरा कसा सोडायचा?

"अंबिका, आजपासून आपलं वर्क फ्रॉम होम."

"घरी बसून काय करनार तुमी?"

"तिथं करतो तेच. चावनार."

संध्याकाळी सात पिशव्या आल्या, प्रत्येकीत टोकनची चिठ्ठी. उद्या सकाळच्या उजेडात बघू म्हणून काकांनी त्या ओसरीवर मांडल्या आणि ताणून दिली.

सकाळी अंघोळ करून, गंध लावून, साहेबासारखे काका बसले. पहिली सरकी चेपली. दुसरीही चेपली. बघता बघता सातही चेपल्या! वर तोंड कडूजहर झालं. टीव्हीवर सांगत होते, कोरोनात चव जाते. इथे तर भलतीच चव आली होती. आपल्याला कोरोना झाला असंच काकांनी धरलं, पण हे कळलं तर आहे ते कामही जाईल म्हणून त्यांनी नुसती चूळ भरली. हरिओमला फोन लावून म्हणाले, "सातही ओले. चार नंबर माझ्या सख्ख्या मेहुण्याचा हाय, तरी परत!"

तासाभरात मेहुणा आश्रुबा तोंडाला गमछा बांधून दारात हजर.

"दाजी, दिवाळीपासून कापूस घरात पडलाय. लेकरं त्याच्यावरच झोपायलीत. पापडावानी वाळलाय, आन् तुमी ओला म्हनता? मिरग तोंडावर आला, बियानं कशावर आनू?"

"दात खोटं बोलत न्हाई, आश्रुबा," काका म्हणाले. आवाज मात्र त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

एवढ्यात हरिओम आला, बगलेत नवंकोरं मशीन. आल्या आल्या त्यानं ते पिशव्यांत खुपसलं. ओलावा बारा टक्क्यांच्या आत असला तरच माल घ्यायचा. पंधरा. सोळा. पंधरा. हरिओमनं काकांपुढे हातच जोडले.

"काका, मानलं! मशीन आन् तुमचा दात एकच बोलायलेत. शेठला सांगतो, कशाला पायजे मशीन? वापस करू."

काकांना आनंदानं काय करावं सुचेना. चहा सांगायला ते स्वयंपाकघरात गेले, तर अंबिकाकाकू पदरानं डोळे पुसत उभ्या.

"अवो, त्या पिशव्यांवर मी निंबाच्या पाल्याचं पानी मारलंय. इस्तरीच्या फवाऱ्यानं, दोनदा. वरून गच्च बांधल्या."

"अगं पण का?"

"कुना-कुनाच्या हातची सरकी तोंडात घालता तुमी. साखर हाय तुमाला. काई बरंवाईट झालं तर मी काय करू?"

एकतीस वर्षांत हजारो सरक्या फोडल्या, पण त्या चावणाऱ्याची काळजी कुणी केली नव्हती. शिवाय तोंड कडू का झालं, तेही कळलं. आता गप्प राहिलं की नोकरी शाबूत, मशीन वापस. बाहेर आश्रुबा डोक्याला हात लावून पायरीवर बसला होता.

काका बाहेर आले. "हरिओम, दात खरा, मशीन खरं, सॅम्पल खोटं. रातच्याला पानी पडलं त्याच्यावर. पिशव्या उघड्या टाकून मी झोपलो. चूक माझी."

"तुमची कशाची?" काकू आतून ओरडल्या. "पानी मी मारलं!"

हरिओम पोट धरून हसत खाली बसला. मग त्यानं फाटकावर जाऊन मशीन थेट गाड्यांत घातलं. सात, आठ, सात. संध्याकाळच्या आत सातही गाड्या रिकाम्या झाल्या. आश्रुबानं मोंढ्यातल्या दुकानातून बियाण्याच्या पिशव्या घेतल्या आणि लांबूनच काकांच्या पाया पडला. शेठ फोनवर म्हणाले, "स्वतःचा निकाल स्वतः मोडणारा माणूस मला मशीनमध्ये मिळायचा नाही. फाटकाबाहेर खुर्ची टाका काकांना. मशीनवर वाद झाला तर अखेरचा शब्द दाताचा." काका रात्री दोन पोळ्या जास्त जेवले.

तिसऱ्याच दिवशी वाद झाला. एका ट्रॉलीला मशीननं चौदा दाखवले. शेतकरी ऐकेना. सगळी रांग श्वास रोखून बघत असताना काकांनी मास्क खाली केला, सरकी दाढेखाली धरली. चेपली.

"परत!" काका गरजले.

शेतकऱ्यानं ट्रॅक्टर तसूभर हलवला नाही. उलट हात जोडले.

"काका, राग येऊ देऊ नका. पन एकदा काकूला फोन लावून इचारा, आज कुटं-कुटं पानी मारलंय."

रांगेत हशा पिकला. काकांनी एकेकाकडे डोळे वटारून पाहिलं, मास्क वर चढवला, आणि सगळ्यांकडे पाठ करून हळूच घरचा नंबर लावला.